गुरांचे औषध, गिधाडांचा मृत्यू आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू

आजारी गाईला किंवा बैलाला टोचलेले औषध त्या जनावराच्या शरीरातच संपते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात औषधाचा काही भाग शेण आणि मूत्रावाटे जमिनीत व पाण्यात जातो, काही भाग दुधात उतरतो आणि जनावर दगावलेच तर उरलेला अंश त्याच्या मांसात व अवयवांत राहतो. ते शेण कोणत्या शेतात पडते, ते दूध कोणाच्या घरी जाते आणि ते कलेवर कोण खाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. भारतीय उपखंडात या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर गिधाडांच्या मृत्यूने दिले. कोंबड्या, डुकरे आणि दुभत्या जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांमुळे उभा राहिलेला दुसरा प्रश्न त्याहून व्यापक आहे. मात्र तो डोळ्यांना दिसत नसल्याने त्याची दखल उशिराने घेतली गेली.

हजारातील एक गिधाड

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या घरटी करीत होत्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी सुमारे दहा वर्षांनंतर तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा ही संख्या निम्म्याच्याही खाली आली होती. झाडांखाली आणि फांद्यांत अडकलेली मेलेली गिधाडे आढळत होती. जिवंत पक्षी माना खाली टाकून दीर्घकाळ निश्चल बसलेले दिसत. पुढील काही वर्षांत उद्यानातील या जातीची घरटी संपुष्टात आली.

भरतपूर हा अपवाद नव्हता. देशाच्या निरनिराळ्या भागांत ठरावीक रस्त्यांवरून वाहनाने जाऊन केलेल्या मोजण्यांची तुलना करण्यात आली, तेव्हा १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे जेथे हजार पक्षी होते, तेथे एक उरला. लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून झालेली घट ९७ टक्क्यांच्या जवळपास होती. या तिन्ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या आहेत. एकेकाळी गावाबाहेर पडलेल्या प्रत्येक मेल्या जनावराभोवती थव्याने दिसणारा पक्षी दुर्मीळ होण्यास पंधरा वर्षे पुरली.

कारणाचा शोध प्रथम चुकीच्या दिशेने झाला. कीटकनाशके, अन्नाचा तुटवडा, एखादा अज्ञात विषाणू अशा सर्व शक्यता मांडल्या गेल्या. अन्नाच्या तुटवड्याचा तर्क टिकणारा नव्हता, कारण मेलेली जनावरे खाण्यास कोणी नसल्याने उघड्यावर सडत पडली होती. विषाणूचा संशय मात्र बराच काळ कायम राहिला.

उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे पशुरोगतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० पासून तेथील मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले. बहुसंख्य पक्ष्यांच्या यकृतावर, हृदयावर व मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला होता. हा थर युरिक आम्लाचा होता. पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झाली की हे आम्ल शरीराबाहेर पडत नाही आणि अवयवांवर साचते. विषाणू, जड धातू आणि कीटकनाशके यांच्या तपासण्यांतून काही हाती लागले नाही, तेव्हा या पथकाने वेगळा मार्ग धरला. गिधाडांचे अन्न म्हणजे मेलेली गुरे. मग त्या गुरांना काय दिले जाते, याची चौकशी पशुवैद्यकांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे करण्यात आली. पोटातून शोषले जाणारे, मूत्रपिंडांना घातक ठरू शकणारे आणि सर्रास विकले जाणारे असे एकच औषध त्या चौकशीत पुढे आले. ते म्हणजे डायक्लोफिनॅक.

त्यानंतरच्या तपासणीचे आकडे निःसंदिग्ध होते. युरिक आम्लाचा थर आढळलेल्या २५ पैकी २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते सापडले नाही. हे संशोधन २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जनावरांसाठी वापरलेल्या एखाद्या औषधामुळे वन्य पक्ष्यांच्या संपूर्ण जाती विनाशाच्या कडेला पोहोचल्याचे एवढ्या स्पष्टपणे प्रथमच सिद्ध झाले.

स्वस्त आणि गुणकारी औषध

डायक्लोफिनॅक हे दाह, ताप आणि वेदना कमी करणारे औषध आहे. माणसांत ते १९७० च्या दशकापासून वापरात आहे. भारतात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते जनावरांसाठीही बाजारात आले. लंगडणारा बैल, ताप आलेली म्हैस, कास सुजलेली गाय अशा सर्वच तक्रारींवर ते टोचले जाऊ लागले. ते स्वस्त होते, लवकर गुण देत होते आणि गावोगावी मिळत होते. शेतकऱ्याने ते वापरले यात त्याचा दोष शोधणे योग्य ठरणार नाही. औषध गुरांना अपाय करीत नव्हते.

अडचण अशी की, असाध्य आजाराच्या जनावराला अखेरच्या दिवसांत वेदनाशामक देण्याची प्रवृत्ती असते. ते जनावर दगावते, तेव्हा औषध त्याच्या शरीरात ताजे असते. दिलेल्या डोसचा अंश यकृतात व मूत्रपिंडांत दोन-तीन दिवस टिकतो. गाई-बैलांचे मांस देशाच्या बहुतांश भागांत खाल्ले जात नसल्याने कलेवर गावाबाहेर टाकले जाते. कातडे सोलून नेले जाते आणि उरलेले गिधाडांच्या वाट्याला येते. गिधाडाला मारण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे एका मिलिग्रॅमचा काही दशांश भागही पुरतो. शिवाय एका कलेवरावर शेकडो गिधाडे जेवत असल्याने एक दूषित कलेवर संपूर्ण थव्याला पुरेसे होते.

शास्त्रज्ञांनी केलेले गणित येथे उद्‌बोधक आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्यांत थोडी जादा मरही सोसत नाही. प्रत्यक्षात दिसलेली घट घडून येण्यास किती कलेवरे दूषित असावी लागतील, याचे उत्तर आले ७६० मध्ये एक ते १३० मध्ये एक. म्हणजे शंभरात एकही नाही. बंदीपूर्वी २००४-०५ च्या सुमारास भारतातील कलेवरांचे नमुने तपासले गेले, तेव्हा दूषित कलेवरांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघाले.

कुत्रे, रेबीज आणि दूषित पाणी

गिधाडांचा एक थवा मोठ्या जनावराचे कलेवर तासाभरात साफ करतो. त्याच्या पोटातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. ही व्यवस्था कोणी उभारली नव्हती आणि तिचा खर्चही कोणी करीत नव्हते, त्यामुळे ती मोडल्याचे प्रथम लक्षातही आले नाही. कलेवरांवर भटक्या कुत्र्यांचे कळप पोसले जाऊ लागले. राजस्थानात बिकानेरजवळच्या जोडबीडसारख्या जनावरे टाकण्याच्या ठिकाणी कुत्र्यांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९९२ ते २००६ या काळात देशातील कुत्र्यांची संख्या ५५ लाखांनी अधिक वाढल्याचा आणि त्यामुळे रेबीजचे ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडण्यात आला.

अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी पुढे गेला. पूर्वी गिधाडांचा अधिवास असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. गिधाडे नाहीशी झाल्यानंतर पहिल्या गटातील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुत्र्यांबरोबरच नदी-नाल्यांत टाकलेल्या कलेवरांमुळे दूषित झालेले पाणी हेही त्यामागील कारण मानले जाते. असे आकडे अखेर अनुमानाचेच असतात. तरीही एका वेदनाशामक इंजेक्शनाचा हिशेब औषधाच्या दुकानातील किमतीवर थांबत नाही, हे त्यातून दिसते.

मुंबईत या घटनेचा परिणाम एका वेगळ्या समाजाला जाणवला. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाज मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करीत असे. गिधाडे उरली नाहीत, तेव्हा तेथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. शतकानुशतके पाळलेल्या रीतीत झालेला हा बदल गोठ्यातील औषधामुळे झाला, हे त्या समाजातील अनेकांनाही नंतर कळले.

बंदी आणि तिच्यातील पळवाट

मे २००६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबविण्याचे निर्देश दिले. नेपाळ व पाकिस्तान यांनीही त्याच वर्षी बंदी घातली. २००८ मध्ये भारतात जनावरांसाठीचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर अधिसूचनेद्वारे बंदी आली. शोध प्रसिद्ध झाल्यापासून अवघ्या दोन वर्षांत प्रशासनाने उचललेले हे पाऊल तत्परतेचे म्हणावे लागेल. पर्यायी औषधाचा प्रश्नही वेळेवर सुटला. मेलॉक्सिकॅम हे तशाच गुणांचे औषध गिधाडांना अपाय करीत नसल्याचे प्रत्यक्ष प्रयोगांतून २००६ मध्ये दिसून आले होते.

तथापि माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी नव्हती आणि ते ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुपीत मिळत असे. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरतात. मोठी कुपी कोणासाठी घेतली जात होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. २००७ ते २०१० या काळात ११ राज्यांतील अडीचशेहून अधिक औषध दुकानांची पाहणी करण्यात आली. जनावरासाठी वेदनाशामक मागितल्यावर ३६ टक्के दुकानांत डायक्लोफिनॅक उपलब्ध असल्याचे आढळले. मेलॉक्सिकॅम ७० टक्के दुकानांत होते, ही त्यातील समाधानाची बाब. दूषित कलेवरांचे प्रमाणही कमी होत होते, परंतु ते पुरेसे नव्हते. शंभरात एक कलेवर ही मर्यादा असेल, तर दहावरून सहा-सातवर येणे म्हणजे विनाशाचा वेग थोडा मंदावणे एवढेच.

जुलै २०१५ मध्ये केंद्र सरकारने माणसांसाठीचे हे इंजेक्शन केवळ तीन मिलिलिटरच्या एकवेळच्या कुपीतच विकण्याचे बंधन घातले. औषध कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते फेटाळले. बैलाला पुरेल एवढे औषध जमविण्यासाठी आता अनेक कुपी फोडाव्या लागतात आणि ते परवडत नाही. औषधाच्या नावाऐवजी बाटलीच्या आकारावर घातलेले हे बंधन या सगळ्या प्रकरणातील सर्वांत व्यवहारी उपाय ठरावे.

दरम्यान अन्य वेदनाशामके त्याच वाटेने आली. किटोप्रोफेन गिधाडांना घातक असल्याचे स्पष्ट झाले. ॲसिक्लोफिनॅक तर गुरांच्या शरीरात जाताच डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतरित होते. या दोहोंवर जनावरांसाठी भारतात बंदी आली ती जुलै २०२३ मध्ये. निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. एकेका औषधाचा धोका गिधाडे मेल्यावर सिद्ध करायचा आणि मग ते बंद करायचे, असा हा क्रम आहे. नवे पशुवैद्यकीय औषध बाजारात येण्यापूर्वीच त्याची गिधाडांवरील सुरक्षितता तपासावी, ही संवर्धन क्षेत्रातील तज्ज्ञांची जुनी मागणी त्यामुळेच रास्त वाटते. युरोपनेही धडा घेतला, असे म्हणता येत नाही. भारतातील अनुभव समोर असताना स्पेनने २०१३ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. २०२० मध्ये त्या देशात मृतावस्थेत सापडलेल्या एका काळ्या गिधाडाच्या शरीरात त्याचे अंश आढळले.

हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात गिधाडांचे बंदिस्त प्रजनन केले जाते आणि तशीच केंद्रे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेशातही आहेत. पिंजोरमध्ये वाढलेली आठ गिधाडे २०२० मध्ये प्रथम मोकळ्या आकाशात सोडण्यात आली. २०२४ मध्ये तेथील गिधाडे महाराष्ट्रातील ताडोबा आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात स्थानिकांच्या सहभागातून घरट्यांचे संरक्षण झाले आहे. २०१५ च्या पाहणीनुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि निमुळत्या चोचीची एक हजार गिधाडे शिल्लक होती. सोडलेल्या पक्ष्यांना सुरक्षित अन्न मिळेल की नाही, हे त्या भागातील औषध दुकानांवर ठरते.

शेणातून जमिनीत

कलेवरापेक्षा शेणाचा मार्ग अधिक नित्याचा आहे. जंत, गोचिडी व अन्य परजीवींवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन याचे उदाहरण म्हणून घेता येईल. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना ज्या शोधासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातून विकसित झालेले हे औषध निःसंशय मोलाचे आहे. मात्र ते जनावराच्या शरीरातून मुख्यतः शेणावाटे, बरेचसे मूळ स्वरूपातच बाहेर पडते आणि शेणात वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या व माश्यांच्या अळ्या मारते. शेणकिडे शेण जमिनीत पुरतात, माती भुसभुशीत करतात. ते नसतील तर शेणाचा पो कुरणावर तसाच वाळत पडतो.

प्रतिजैविकांचेही तसेच. दिलेल्या डोसचा औषधानुसार तीस ते नव्वद टक्के भाग मूळ किंवा क्रियाशील स्वरूपात बाहेर टाकला जातो. टेट्रासायक्लिन गटातील औषधे मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ राहतात. कोंबड्यांच्या शेडमधील तूस आणि विष्ठा यांचे मिश्रण खत म्हणून शेतात जाते, काही राज्यांत मत्स्यतळ्यातही टाकले जाते. त्यातून औषधाचा अंश तर जातोच, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या औषधाला सरावलेले जीवाणूही जातात.

रोग नसतानाचा डोस

प्रतिजैविकाच्या थोड्या मात्रेने कोंबड्यांची वाढ लवकर होते, ही बाब अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आली आणि पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्याचा प्रघात पडला. रोगी जनावरावर पूर्ण मात्रेने उपचार करणे वेगळे आणि निरोगी कळपाला रोज अल्प मात्रा चारणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात दुर्बल जीवाणू मरतात, चिवट जीवाणू उरतात आणि त्यांचीच वाढ होते. शिवाय प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार घटकांवर असली, तर एका जीवाणूकडून दुसऱ्या, अगदी निराळ्या जातीच्या जीवाणूकडेही सुपूर्द होतात. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू अशा रीतीने माणसाच्या रोगजंतूला हत्यार पुरवू शकतो.

ब्रिटनमधील स्वान समितीने याचा इशारा १९६९ मध्येच दिला होता. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली; युरोपीय संघाने २००६ पासून. या संदर्भात डेन्मार्कचा अनुभव बोलका आहे. तेथे ॲव्होपार्सिन हे पशुखाद्यातील प्रतिजैविक १९९५ मध्ये बंद करण्यात आले. रुग्णालयांत राखून ठेवल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनचे ते नातेवाईक होते. बंदीनंतर व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण कोंबड्यांत झपाट्याने घटले, डुकरांत मात्र घटले नाही. चौकशीअंती असे दिसले की, डुकरांना टायलोसिन हे दुसरेच प्रतिजैविक अजून दिले जात होते आणि दोन्ही औषधांविरुद्धची जनुके एकाच प्लाझ्मिडवर शेजारी शेजारी होती. टायलोसिनने एक टिकवले की दुसरे आपोआप टिकत होते. टायलोसिनचा वापर कमी झाला तेव्हाच डुकरांतील प्रमाण उतरले. एखादे औषध बंद केले की त्याविरुद्धचा प्रतिकार विरतोच, ही समजूत येथे खोटी ठरली.

भारतात २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील १८ कुक्कुटपालन केंद्रांच्या अभ्यासात अनेक महत्त्वाची प्रतिजैविके निष्प्रभ करणारी विकरे तयार करणारे जीवाणू मांसल कोंबड्यांच्या ८७ टक्के, तर अंड्यांवरील कोंबड्यांच्या ४२ टक्के नमुन्यांत आढळले. मांसल कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीस तयार करावयाची असते, कोंबड्या दाटीने ठेवलेल्या असतात आणि एक साथ आली तर संपूर्ण तुकडी जाते. औषध हा तेथे विम्याचा हप्ता झाला आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळावी. मांसातील औषधाचा अंश हा एक प्रश्न, औषधाला न जुमानणारा जीवाणू हा दुसरा. मांस नीट शिजविल्यास जीवाणू मरतात. परंतु ते मांस कापणारे हात, विळी, शेडमध्ये काम करणारा मजूर, शेजारची विहीर यांना शिजविण्याचे संरक्षण नसते.

कोलिस्टिनची कथा

कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडांना अपाय होत असल्याने १९७० च्या दशकानंतर डॉक्टरांनी ते जवळजवळ सोडून दिले. माणसांसाठी बाद झालेले औषध जनावरांना देण्यात कोणाला गैर वाटले नाही आणि ते कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात टनावारी जाऊ लागले. पुढे अतिदक्षता विभागांतील जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा डॉक्टरांना याच जुन्या औषधाकडे परतावे लागले. अखेरचा उपाय म्हणून ते हाती घेतले, तोवर गोठ्यात ते बोथट होऊ लागले होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ या जनुकाचा शोध जाहीर केला. ते प्लाझ्मिडवर होते, म्हणजे कोलिस्टिनविरुद्धचा प्रतिकार एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही ते सापडले; नंतर जगाच्या बहुतेक भागांतून तशा नोंदी आल्या. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन वापरणे बंद केले आणि पुढच्या काही वर्षांत डुकरांत व माणसांतही या जनुकाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. भारताने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेद्वारे खाद्योत्पादक जनावरे, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांतील कोलिस्टिनवर बंदी घातली.

या विषयाची व्याप्ती एका आकड्यावरून ध्यानात यावी. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे थेट झालेल्या मृत्यूंची जगभरातील संख्या १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज 'लॅन्सेट' मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील किती मृत्यूंचे मूळ पशुपालनात आणि किती माणसांनीच अविवेकाने घेतलेल्या गोळ्यांत, याची विभागणी कोणाला करता आलेली नाही. गिधाडांच्या बाबतीत मूत्रपिंडावरचा पांढरा थर हा पुरावा होता. रुग्णालयातील जंतूवर मात्र तो कोणत्या शेडमधून आला, याचा शिक्का नसतो.

सात दिवसांचे दूध

जानेवारी २०१२ पासून भारतात जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर, शेवटचा डोस आणि दूध-अंडी-मांसाचा वापर यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे, हे छापणे बंधनकारक आहे. विशिष्ट अवधी ठरलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी २८ दिवस असा नियम आहे. या अवधीत औषधाचा बहुतेक अंश जनावराच्या शरीरातून निघून जातो.

कागदावर हा नियम निर्दोष आहे. दोन गाई असलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. कास सुजलेल्या गाईला प्रतिजैविक दिले, की तिचे आठवडाभराचे दूध ओतून द्यावयाचे आणि त्याच आठवड्यात औषधाचा खर्चही सोसायचा. हे नुकसान सर्वस्वी त्याच्या अंगावर पडते. संकलन केंद्रावर त्याचे दूध गावातील इतरांच्या दुधात मिसळले जाते आणि त्यानंतर अंश आढळला तरी तो कोणत्या गाईचा, हे सांगता येत नाही. निर्यातीच्या कोळंबीचे तसे नाही. परदेशी बंदरावर माल परत फिरविला जातो, या धाकाने तिच्या तपासणीची व्यवस्था देशांतर्गत दूध-मांसाच्या तुलनेत फार आधी आणि अधिक काटेकोरपणे उभी राहिली.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने काससुजीवर कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रसार सहकारी दूध संघांमार्फत चालविला आहे. आजार प्रारंभीच्या अवस्थेत असताना हा लेप दिवसातून अनेकदा लावायचा असतो. त्यात श्रम अधिक आहेत, पण दूध ओतून द्यावे लागत नाही आणि म्हणूनच तो अनेक गोठ्यांत स्वीकारला गेला आहे.